रस्त्यातला खिळा

१२ नोव्हेंबर, मंगळवार

सकाळी साडेआठला आमच्या भिंतीला लाल रंग लागला. मी दात घासत बाहेर आलो तोवर ब्रशवाला डब्याचं झाकण लावत होता. बाजूच्या भिंतीवर, समोरच्या कोपऱ्यापासून दोन फूट आत, उभी रेघ. शेजारी आकडा, ०.६०. विचारणं नाही, सांगणं नाही. सर्वेवाला पोरगा सुमेध नावाचा आहे, मूळचा गोंदियाकडचा. मला म्हणाला, "काका, टेन्शन घेऊ नका, तुमचं लय थोडं जाते." लय थोडं! याच्या बापाचं जात असतं तर असं हसून बोलला असता का?

वैशाली नगरातला हा रस्ता रुंद होणार हे चार वर्षं ऐकत होतो. आता खरंच आलं. पद्धत अशी की रस्त्याच्या मध्ये एक खिळा ठोकायचा, त्याभोवती पिवळा गोल काढायचा आणि खिळ्यापासून दोन्हीकडे नऊ-नऊ मीटर मोजायचं. नऊच्या आत जे येईल ते रस्त्यात गेलं. हिशेब सोपा आहे. सोप्या हिशेबाकडे कोणी लक्ष देत नाही, म्हणून लबाडीही तिथेच होते. इथल्या पोलादाच्या प्लांटमध्ये सदतीस वर्षं रुळांची तपासणी केली आहे मी, मोजमापातलं मला कोणी शिकवू नये.

समोरची खोली दहा फूट लांब आहे, ती आठ फूट राहणार. त्या खोलीत भूमिकाचं चॉइस सेंटर आहे. दाखले, आधार, वीजबिल, जमिनीची नक्कल, सगळं तिथे निघतं. तीन वर्षांपूर्वी पोरगी राजनांदगावचं सासर सोडून आली तेव्हा सहा महिने कोणाशी धड बोलत नव्हती. मग ही खोली तिला दिली. आता दिवसभर लोकांशी हुज्जत घालते, हसते, जेवते. त्या खोलीला हात लागला तर मी भांडणारच, आणि ते दोन फुटांसाठी नाही.

पण गंमत बघा. भूमिका तिच्या अर्ध्या हिंदीत म्हणाली, "चालते बाबा, काउंटर आडवा कर लूंगी, हो जाएगा." शेवंता म्हणाली, "जाऊ द्या, खोली तं वाचली." मायलेकी इतक्या लवकर कशा तयार झाल्या? लोक दोन इंचांसाठी कोर्टात जातात.

आणि समोरच्या चंपत कापगतेच्या कंपाऊंडला लाल रंगाचा थेंबसुद्धा नाही.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

चंपतबद्दल लिहून ठेवतो, म्हणजे उद्या कोणी म्हणू नये की मला आधीपासूनच राग होता.

आम्ही दोघे लाखनीजवळच्या एकाच गावचे. एकाच वर्षी भरती झालो, एकाच टोळीत. मी आकडा वाचायचो, चंपत टेपचं टोक धरायचा. टेपचं टोक झिजतं, कडी हलते, म्हणून आम्ही शून्यापासून कधी मोजलंच नाही. एक मीटरच्या रेघेवर धरायचं आणि वाचलेल्या आकड्यातून एक वजा करायचा. वजा करायचं मी विसरू नये म्हणून चंपत दर वेळी तिकडून ओरडायचा, "एक काट, जानराव!" शेडमध्ये इतका आवाज असायचा, तरी ऐकू यायचं. रिटायर झालो तेव्हा प्लॉटही समोरासमोर घेतलेले होतेच. त्याच्या घरापुढे मोकळं अंगण आहे, माझ्या घरापुढे काही नाही, कारण मी इंचन् इंच बांधला.

असा हा माणूस. आज दुपारी गच्चीवरून पाहिलं, सुमेध त्याच्या अंगणात खुर्ची टाकून चहा पीत होता. बशीत चिवडा होता. चंपतने मांडीवर कागद ठेवून सही केली. मी वरून खाकरलो तर त्याने कागद उलटा केला आणि वर बघून विचारलं, "काय जानराव, कपडे वाळले का?"

आमच्या गच्चीवर एकही कपडा नव्हता.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

चंपत अंगणात काहीतरी लपवतो आहे. झेंडूच्या वाफ्याजवळ, अगदी मधोमध, बांबूची टोपली पालथी घातली आहे आणि वर वीट ठेवली आहे. त्याची बायको बेबीताई झाडत झाडत तिथे आली तर म्हणाला, "थ्या टोपलीले हात नको लावजो, खाली लाल मुंग्या आहेत." मुंग्यांवर कोणी टोपली घालतं का?

त्याचा मुलगा प्रवीण हथखोजला कारखान्यात आहे. दोन वर्षं तो त्या अंगणात स्पेअर पार्टचं दुकान काढायचं म्हणतो. रस्ता रुंद झाला की दुकान रस्त्याला लागूनच येणार. आता सगळं कसं जुळतं! आमच्या बाजूचं कापायचं, त्यांच्या बाजूचं वाचवायचं, आणि वर पोराचं दुकान चकाचक मोठ्या रस्त्यावर.

शिवाय महिन्याभरात तीनदा पाहिलं. मी बाजारात गेलो की चंपत भूमिकाच्या काउंटरला येतो. मी आलो की बोलणं बंद. आज म्हणाला, "लाइटबिल भराले आल्तो." हातात बिल नव्हतं.

२४ नोव्हेंबर, रविवार

आज मोजलं. रविवारी सकाळी सातला रस्त्यावर वर्दळ नसते. शेवंताला घेऊन गेलो. ती कुरकुरत होती, "लोक काय म्हनन, बुढे रस्त्यावर काय सांडलं ते धुंडून राह्यले." खिळ्यापाशी तिला बसवलं आणि नीट बजावलं, टेप एकच्या रेघेवर धर, टोकावर नाही. टोक खोटं बोलतं.

भिंतीपाशी वाचलं. नऊ मीटर चाळीस सेंटिमीटर.

पुन्हा वाचलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा टेप चांगला ताणून धरायला लावला, शेवंताचं बोट कापलं थोडं, तरी नऊ-चाळीस. म्हणजे आमची भिंत नऊच्या बाहेर चाळीस सेंटिमीटर आहे! आमचं एक सूतसुद्धा जात नाही. मग साठ सेंटिमीटर कुठून आले? एका मीटरचा फरक. चूक असती तर पाच-दहा सेंटिमीटरची असती. अख्खा मीटर म्हणजे चूक नव्हे, कोणीतरी ठरवून केलंय.

एक गोष्ट मात्र लिहून ठेवतो, कारण मी प्रामाणिक माणूस आहे. खिळा मला जरा चंपतच्याच बाजूला सरकलेला वाटला. पण डांबर आमच्या बाजूला जास्त पसरलंय, त्यामुळे तसं दिसत असेल.

चंपतच्या बाजूचं मोजायचं राहिलं. त्याच्या अंगणात टेप घेऊन जायचं म्हणजे त्याला सावध करण्यासारखं झालं.

२८ नोव्हेंबर, गुरुवार

भूमिकाला म्हटलं, आक्षेपाचा अर्ज टाइप करून दे, शेवटची तारीख पाच डिसेंबर आहे.

ती म्हणाली, "नाही करणार."

"कावून?"

"बाबा, मेरे लिए कर रहे हो ना? मग मी सांगते, मले आठ फूट पुरते. छोड़ दो. अर्ज टाकाल तर पूरा मामला खुलेगा."

"खुलू दे ना! खुलाच पाहिजे! लपवण्यासारखं माझं काय आहे?"

तिने माउस हातात घेतला. माझं लक्ष स्क्रीनवर गेलं. फाइलींची यादी उघडी होती आणि त्यात एक नाव होतं, 'कापगते काका सहमती'. मी बोट ठेवलं तोवर तिने ती खिडकी बंद केली.

"हे काय आहे?"

"काकांनी शपथ घातली आहे. नाही सांगू शकत. पण तुमच्या विरोधात नाही, इतना तो मान लो."

विरोधात असलेला माणूस कधी सांगतो का, की मी विरोधात आहे? आणि सहमती कशाची? माझी खोली पाडायला चंपतची सहमती कोणी मागितली? माझ्याच घरात, माझ्याच पोरीच्या हातून याने कागद टाइप करून घेतला. पोरगी भोळी आहे. सासरीही अशीच भोळेपणाने सह्या देत बसली होती. मी तेव्हा वेळेवर गेलो नसतो तर काय झालं असतं कोण जाणे.



२ डिसेंबर, सोमवार

नेहरू नगरात जाऊन अर्ज टाइप करून घेतला. घरच्या दुकानात पोरगी बसलेली आणि मी दुसऱ्याच्या दुकानात रांग लावून उभा. लाज वाटली, पण केलं.

अर्ज हिंदीत आहे, इथलं सरकारी काम हिंदीतच चालतं. मुख्य मुद्दे दोन. एक, मध्यरेषेचा खिळा सरकारी रेकॉर्डशी ताडून पाहावा आणि जिथे रेकॉर्ड सांगेल तिथेच ठोकावा. दोन, समोरचे रहिवासी चंपत कापगते व त्यांचे कुटुंबीय यांनी सर्वेवाल्याशी साटंलोटं करून खिळा हलवला असल्याचा दाट संशय आहे. टाइप करणाऱ्याने विचारलं, "नाम डालना है क्या काका? बिना नाम के भी चलता है." मी म्हटलं, डाल. मी नाव न घेता बोलणारा माणूस नाही.

शिक्का मारून पोच घेतली. ती या वहीतच ठेवली आहे. घरी सांगितलेलं नाही.

परत येताना चंपत फाटकात उभा होता. "कुठं गेल्ता बे सकाळी सकाळी?" म्हणाला. मी म्हटलं, दाताच्या डॉक्टरकडे. म्हणाला, "माह्याकडं लवंगाचं तेल आहे, देऊ का?" इतकं गोड का बोलतो? मनात काही नसलं तर माणूस इतकं गोड बोलत नाही.

२० डिसेंबर, शुक्रवार

नोटीस आली. आम्हालाही आणि समोरही. सहा जानेवारीला अधिकारी स्वतः जागेवर येऊन मोजणी करतील.

आमच्या घरात फार काही झालं नाही. शेवंताने नोटीस वाचायला लावली, ऐकली आणि देवघरात जाऊन बसली. भूमिकाने फक्त इतकंच विचारलं, "काकांचं नाव डाला क्या?" मी हो म्हटलं. तिने नोटीस घडी घालून ठेवली. मग म्हणाली, "मी सांगायला पाहिजे होतं. मेरी भी गलती है." कशाबद्दल म्हणत होती, विचारलं तर सांगेना. म्हणाली, आता सांगून काय फायदा, तुम्ही मानणार नाही.

समोर मात्र गोंधळ. प्रवीणचा आवाज चढलेला. बेबीताई काहीतरी म्हणत होत्या, ते कळलं नाही. चंपतचा आवाज मुळीच नाही. मग प्रवीण अंगणात आला आणि त्याने लाथेने ती टोपली उडवली.

खाली मुंग्या नव्हत्या. लाल टोकाची खुंटी होती.

म्हणजे त्यांच्या अंगणातही खूण केलेली होती तर! आणि ती खूण फाटकापासून चांगली आत, झेंडूच्या वाफ्यापर्यंत. मी बराच वेळ विचार केला. ज्याचं काही जात नाही त्याच्या अंगणात इतक्या आत खुंटी कशाला? शेवटी लक्षात आलं की ती दाखवायची खुंटी असणार. कोणी तक्रार केली तर सांगायला, की बघा, आमचंही जातंय. पण मग लपवली कशाला? हे कोडं सहा तारखेला सुटेलच.

६ जानेवारी, सोमवार

सगळं जसं झालं तसं लिहितो.

साहेब अकराला आले. बरोबर सुमेध आणि दोन माणसं. गल्लीतले पंधरा-वीस जण जमले. मी इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि टेप बरोबर नेला होता. साहेबांना म्हटलं, तुमचा टेप तुमच्यापाशी, आधी माझ्याने मोजू. ते म्हणाले, "ठीक है, नापिए." त्यांच्या माणसाला खिळ्यापाशी बसवलं आणि सांगितलं, एकच्या रेघेवर धर. मी भिंतीपाशी गेलो, वाचलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं मोठ्याने म्हटलं, "नौ मीटर चालीस!"

चंपत त्याच्या फाटकात उभा होता. बोलायचं त्याच्या मनात नसावं. पण सदतीस वर्षांची सवय, तोंडातून निघून गेलं असावं. हळूच म्हणाला, "एक काट, जानराव."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. आठ-चाळीस. साठ सेंटिमीटर आत. सुमेधचा आकडा बरोबर होता. प्लांटमध्ये मी स्वतः कधी एक वजा केलाच नव्हता, तो चंपतने आठवण करून दिली की करत होतो. टेप हातातून सुटला आणि सरसरत खिळ्याकडे परत गेला. दोघे-तिघे हसले. हसू द्या, तेवढ्यावर थांबलं असतं तर मी आयुष्यभर हसू दिलं असतं.

साहेबांनी विचारलं, "आपने लिखा है कि मध्यरेखा रिकॉर्ड के हिसाब से हो?" मी हो म्हटलं. तेव्हा सुमेध पुढे झाला आणि मला मराठीत म्हणाला, "काका, रेकॉर्डची रेषा तुमच्या बाजूले पाच फूट आहे. तिथून मोजलं तं तुमची सात फूट खोली जात होती. कापगतेकाका म्हनले, पोरीचं दुकान वाचवा, माहं अंगण मोकळंच आहे, इकडून पाच फूट जास्त घ्या. लिहून देलं त्यांनी. पक्कं बांधकाम वाचत असन आन् समोरचा राजीखुशीनं देत असन तं रेषा सरकवता येते. म्हनून खिळा तिकडं आहे."

खिळा हलवलेला होता. माझा संशय अगदी खरा निघाला.

मी म्हटलं, साहेब, मी अर्ज मागे घेतो. आत्ता लिहून देतो. साहेब बिचारे बरे होते. म्हणाले, "सहमति कायम रहे तो हमें क्या दिक्कत है." आणि त्यांनी कागद चाळले, थांबले आणि विचारलं, "प्लॉट किसके नाम पर है?"

"माह्या," बेबीताई म्हणाल्या. त्या पहिल्यांदाच बोलल्या. "प्लॉट माह्या नावावर आहे. मले कोणीच इचारलं नाई."

प्लांटमधल्या आमच्या लोकांनी किती प्लॉट बायकांच्या नावावर घेतले! नावावर घेतले, विचारलं कधी नाही. चंपतने सही आपली ठोकून दिली, सुमेधनेही नवराच आहे म्हणून चालवून घेतलं. कोणी आक्षेप घेतला नसता तर तो कागद कोणी पुन्हा उघडलाही नसता. माझा प्लॉट माझ्याच नावावर आहे. मी तेव्हाही कोणावर विसंबलो नव्हतो.

साहेबांनी बेबीताईंना विचारलं, तुम्ही सही देता का? प्रवीण काही बोलणार होता, त्यांनी त्याला हाताने थांबवलं. "नाई," म्हणाल्या आणि आत गेल्या. चंपत मान खाली घालून उभा राहिला. नवीन खिळा आमच्या बाजूला पाच फुटांवर ठोकला. भिंतीवरचा ०.६० खोडून २.१० लिहिलं. बेबीताईंनी महिन्याच्या आत लेखी सहमती दिली तर फेरविचार होईल, असं साहेब जाताना सांगून गेले.

सात फूट. दहातले तीन राहतात. तीन फुटांत खुर्ची ठेवली तर गिऱ्हाइकाला उभं राहायला जागा नाही.

७ जानेवारी, मंगळवार

भूमिकाने दुकान उघडलं नाही. दोन जण शटर वाजवून गेले.

मला रडू आलं. बाथरूममध्ये नळ सोडून रडलो.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. दर वर्षी बेबीताई सकाळीच शेवंताकडे वाण घेऊन येतात. आज बारा वाजेपर्यंत वाट पाहिली. मग मीच तिळगुळाची वाटी घेऊन रस्ता ओलांडला. शेवंता येते म्हणाली, मी नको म्हटलं. लिहिलं मी होतं.

बेबीताईंनी "बसा भाऊजी" म्हटलं. तिळगूळ घेतला आणि टीव्हीवर ठेवला. खाल्ला नाही.

मी सरळ म्हटलं, "बेबीताई, चूक झाली माही. हात जोडतो. सही देऊन द्या. पोरीची खोली चालली."

त्यांनी पदर नीट केला. मग म्हणाल्या, "भूमी माह्या मांडीवर खेळली आहे. मले पयले सांगतलं असतं तं म्या हासत सही केली असती. ह्यायनं सांगतलं नाई, प्रवीण भांडन म्हनून. त्यायचा राग मले येते, पन तो घरातला राग आहे. तुमी तं सरकारी कागदावर लिवलं, का कापगतेच्या घरच्यायनं साटंलोटं केलं. थो कागद म्या प्रवीणकडून दोनदा वाचून घेतला. मले वाटलं चुकून आमचं नाव पडलं असन."

"म्या लिहून देतो, का थे खोटं होतं. सायबाले लिहून देतो."

"द्या. पन आता म्या सही केली तं लोक काय म्हनन? चोरी पकडल्या गेली म्हनून जागा देल्ली. जागेचं काई नाई भाऊजी, पाच फूट काय घेऊन बसले. पन थ्या कागदावर माहं नाव आहे, त्याच्या खाली म्या आता सही करू नाई शकत."

 त्यांचं बरोबर आहे. बरोबर आहे हे तिथे बसूनच मला कळलं, आणि त्याचाच जास्त त्रास झाला.

चंपत फाटकापर्यंत सोडायला आला. मी विचारलं, "तू मले सांगतलं कावून नाई बे? एक शब्द सांगतला असता."

तो म्हणाला, "सांगतलं असतं तं तू रातभर इचार केला असता, याच्यात चंपतचा काय फायदा आहे म्हनून. आन् सकाळी उठून टेप घेऊन आला असता." बोलण्यात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, मी काही बोललो तरी असतो.

१६ जानेवारी, गुरुवार

साहेबांच्या ऑफिसात लेखी दिलं. माझे आरोप खोटे होते, चुकीच्या मोजणीवरून केले, कापगते कुटुंबाची मी माफी मागतो. टाइप भूमिकाने केलं. एकही शब्द न विचारता केलं. प्रिंट काढून समोर ठेवला आणि पेन दिलं.

त्याची एक प्रत समोर नेऊन दिली. प्रवीणने दारातच घेतली.

६ फेब्रुवारी, गुरुवार

महिना आज संपला. समोरून सही आली नाही. दिवसभर ती येईल असं वाटत होतं, फाटक वाजलं की मी उठून बघत होतो. शेवंता म्हणाली, "आता खिडकीतून हटा."

११ फेब्रुवारी, मंगळवार

सकाळी मशीन आलं. शटर आम्ही कालच काढून घेतलं होतं. अर्ध्या तासात खोली संपली. बांधायला मला चौदा महिने लागले होते, प्लांटमधून येऊन विटांवर पाणी मारायचो. मशीनवाला पोटापाण्याचं काम करत होता, त्याचा काय दोष.

चंपतही त्याच्या फाटकात उभा होता. त्याचं कंपाऊंडही थोडं गेलं, रेकॉर्डप्रमाणे जायचं तेवढंच. आम्ही एकमेकांकडे पाहिलं. धूळ खूप होती.

दुपारी भूमिकाने सांगितलं की नेहरू नगरात एका कोचिंग क्लासच्या खाली तिने गाळा ठरवला आहे. सोमवारपासून तिथे बसणार. मला बरं वाटलं. मी म्हटलं, छान झालं, मी रोज दहाला येत जाईन, इथे बसायचो तसा तिथे बसेन, तुला आधार होईल, परक्या जागी कोण कसा असेल सांगता येत नाही.

ती कॉम्प्युटरच्या वायरी गुंडाळत होती. हात थांबला नाही तिचा. म्हणाली, "बाबा, तुम्ही तिथे येऊ नका."

"कावून?"

"बुरा मत मानना. लोक कागद घेऊन येतात, घरच्या भानगडी सांगतात. तुम्ही बाजूला बसून त्यांच्या तोंडाकडे पाहत राहता. मग ते सांगत नाहीत. मलेही तुम्ही तसंच पाहता. मी सासरहून आले तेव्हापासून पाहता. काय लपवून राहिली म्हणून." आता तिने वर पाहिलं. "मैं कुछ नहीं छुपा रही थी बाबा. तब भी नहीं."

इथे मी लिहिणार होतो की तिचे कान कोणीतरी भरले असणार. चंपतचं नाव डोक्यात आलं, शेवंताचं आलं. दोन्ही लिहिली नाहीत. कोणी कान भरले नाहीत तिचे. तिचं तिलाच दिसलं, तीन वर्षं दिसत होतं.

मी म्हटलं, "बरं, नाही येत."

मग तिने वायरींचा खोका उचलला. तो जड होता, पण मला धरा म्हणाली नाही. मी दारातून बाजूला झालो.